मर्डोच्या घरात वासाला बंदी

इशबेल बुकनचं लग्न ठरलं तेव्हा कुणीतरी तिला सांगायला हवं होतं की बाई गं, तू माणसाशी नाही, नाकाशी लग्न करतेयस. कुणी सांगितलं नाही. उलट स्कॉटलंडमधल्या अख्ख्या पर्थ गावात सगळे म्हणाले, नशीब काढलं पोरीने! लोगी व्हिस्की कंपनीत वर चढत चाललेला मर्डो कार्गिल मिळाला, अजून काय पाहिजे?

इशबेल तेव्हा हाय स्ट्रीटवरच्या बेकरीत कामाला होती. मर्डो रोज यायचा, एक बन घ्यायचा आणि काउंटरवर वाकून म्हणायचा, "तुझ्या केसांना गरम पावाचा वास येतो." ती लाजून चूर व्हायची. लग्न झालं आणि पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "ती बेकरी सोड आता. तुझ्या केसांना पावाचा वास येतो."

तेच वाक्य! तोच माणूस! फक्त आता चेहऱ्यावर आठी होती.

तिने बेकरी सोडली. मग एकेक करत बाकीचंही सुटलं. साबण बिनवासाचा. कपडे सोड्यात धुवायचे. घरात कांदा तळायचा नाही, खारवलेला मासा आणायचा नाही, लसूण तर नावही काढायचं नाही. फुलं नाहीत. कुत्रा नाही. भिंतींना रंग द्यायचा तर मर्डो सुट्टीवर बाहेरगावी गेल्यावर, आणि तो परत यायच्या आत सगळ्या खिडक्या उघड्या टाकून थंडीने कुडकुडत बसायचं. अत्तराची एक बाटली तिच्या मावशीने लग्नात दिली होती, ती मर्डोने स्वतःच्या हाताने नेऊन शेजारणीला देऊन टाकली. वर शेजारणीला म्हणाला, "आमच्याकडे आल्यावर मात्र लावू नका हं."

लोक कौतुक करायचे. कारण मर्डो होता लोगीचं 'नाक'. तिथे पदालाच 'नाक' म्हणतात. पीटर लोगी म्हणून एक वाणी होता, चहा विकायचा, मनुके विकायचा, चीज विकायचा. चार ठिकाणचा चहा मिसळून एक छान चहा करता येतो, तर चार भट्ट्यांच्या व्हिस्कीचं तसं का नाही करता येणार, असं त्याच्या डोक्यात आलं आणि त्याने करून दाखवलं. तिथून ही कंपनी. आता बाटली लंडनला उघडा नाहीतर टोकियोला, वास तोच यायला पाहिजे, आणि तो तोच आहे की नाही हे ठरवणारा माणूस एकच. तो पीत नाही बरं का! ग्लासात थोडी व्हिस्की, थोडं पाणी, वर काचेचं झाकण. झाकण काढायचं, नाक घालायचं, बोलायचं. बास. त्या खोलीत आधी सगळ्यात नवा माणूस बोलणार, मग त्याच्यावरचा, आणि सगळ्यात शेवटी नाक. कारण नाक एकदा बोललं की पुढे बोलायची कुणाची टाप?

आणि दर पन्नास वर्षांनी लोगीवाले एक खास बाटली काढतात, पीटर वाण्याच्या आठवणीची. तिच्या लेबलवर त्या वेळच्या नाकाची सही असते. दुकानात काचेच्या कपाटात आधीच्या दोन बाटल्या ठेवल्यात. पहिलीवर पीटरच्या मुलाची सही, दुसरीवर हेक्टर इमरीची. तिसरी निघणार होती एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली. मर्डोचा बाप घोडागाडीवरून दारोदार कोळसा टाकायचा, त्यामुळे त्या कपाटासमोर मर्डो उभा राहिला की त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते चर्चमध्येसुद्धा कधी आलं नाही.

एकदा काय झालं, गावच्या नगराध्यक्षांच्या बायको, मिसेस अफ्लेक, पाहुण्या म्हणून वास घ्यायच्या खोलीत आल्या. मर्डोने ग्लास खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, तुम्ही लॅव्हेंडरच्या पाण्याने आंघोळ करून आलात. बाहेर व्हा. आणि तुमची टोपीही घेऊन जा, तिलाही वास आहे." बाईंना रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं आणि कंपनीचे मालक मि. डॅलरिंपल खूश! त्यांनी जाहिरातच केली त्याची. तेव्हापासून गावात मर्डो दिसला की बायका रस्ता ओलांडून पलीकडे जायच्या.

इशबेलला या सगळ्याचा राग यायचा का? यायचा ना. पण तिला वाटायचं, देणगी आहे त्याच्याकडे, सांभाळायला नको? कुणाचा नवरा खलाशी असतो, कुणाचा खाणीत असतो, त्यांच्या बायका सोसतातच ना. आपलं फक्त कांद्यावर भागतंय.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत मर्डोला फ्लू झाला. चांगला महिनाभर आडवा होता. उठला तो आणखीच चिडका होऊन. आधी तो वास आला तर बोलायचा, आता घरात शिरल्या शिरल्या बोलायचा. "कसला तरी वास येतोय."

"कसला?"

"ते तुला कळायला पाहिजे. कुबट. जिन्याखाली बघ."

ती जिन्याखाली घासायची. मग तो म्हणायचा, आता स्वयंपाकघरात. ती ओटा घासायची. गुडघ्यावर बसून फरशी घासायची, सोड्याने तिच्या बोटांची सालं निघाली. तरी एक दिवसाआड वास यायचाच. इशबेलला स्वतःचीच लाज वाटायला लागली, एवढं घासून आपल्याला कळत कसं नाही!

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिची आई पडली.

आईचं नाव जेसी. उत्तरेला फ्रेझरबर्गची. अख्खं तरुणपण हेरिंग मासे साफ करण्यात गेलं, बर्फात, मिठात, उघड्यावर. त्यामुळे म्हातारपणी हातपाय असे झाले होते की बोटं उलगडायची नाहीत. त्यावर तिचा एकच उपाय होता, गंधपुऱ्याचं मलम. हिरव्या डबीतलं. सकाळ-संध्याकाळ चोळायची. ती कुठून गेली हे खोलीत पाच मिनिटांनीही कळायचं, इतका उग्र वास. पण तोंड तिचं त्याहून उग्र.

पडल्यावर एकटीला राहता येईना. इशबेल तिला पर्थला घेऊन आली. मर्डोने दारातच हात वर केला. "थांब. तिथेच थांब. हे काय लावलंय?"

"गुडघे लावलेत," जेसी म्हणाली. "पुसून येऊ का?"

"आई!"

"अगं, विचारतेय. तुझ्या नवऱ्याला देवाने नाक दिलं, मला गुडघे दिले. ज्याचं त्याचं."

तीन-चार दिवस जेसी मागच्या पडवीत बसली, जिथे कोळसा ठेवतात तिथे, अंगावर दोन ब्लँकेटं घेऊन. तिला आत घेतलंच नाही. मलम लावायचं नाही म्हटलं तर ती वेदनेने विव्हळायची, लावलं तर मर्डो ताटावरून उठायचा.

चौथ्या दिवशी मर्डो शांतपणे म्हणाला, "इशबेल, पुढच्या वर्षी ती बाटली निघायचीय. दीडशे वर्षं! आत्ता मिश्रण ठरतंय. माझ्या नाकावर सगळं आहे. माझं नाव लागणार आहे त्यावर. तुझ्या आईसाठी मी हे घालवू?"

"ती मरतेय रे थंडीने."

"डंकेल्ड रोडवर वृद्धाश्रम आहे, चांगला आहे. खर्च मी देईन. मी काय राक्षस आहे का?"

आणि इशबेलने नेलं आईला. स्वतः नेलं! गाडीत जेसी हिरवी डबी मांडीवर धरून बसली. आश्रमाच्या दारात मात्र म्हणाली, "मी हजारो माशांची पोटं फाडली गं. एकानेही माझ्याकडे तुझ्यासारखं बघितलं नाही."

इशबेल दर रविवारी जायची. जेसी विचारायची, "झाली का बाटली?" इशबेल म्हणायची, "अजून नाही." "मग बस. नाक थकलं की घेऊन जा मला." फेब्रुवारीत न्यूमोनियाने जेसी गेली. बाटली तेव्हा कुठे पिंपांत मुरत होती.

आश्रमातून एक पिशवी घरी आली. स्वेटर, चष्मा, कंगवा, आणि ती हिरवी डबी. मार्चच्या एका दुपारी इशबेलने स्वयंपाकघरात बसून ती डबी उघडली. आणि झाकण निघाल्याबरोबर आईच समोर येऊन बसली! इशबेलला रडू आवरेना. तिने बोटाने मलम काढलं, हाताला चोळलं, मानेला चोळलं, किती चोळलं तिचं तिला भान नाही. अख्खं घर दणाणलं त्या वासाने.

आणि दार वाजलं. मर्डो लवकर घरी आला होता.

इशबेल उडालीच. डबी कुठे लपवू, खिडकी उघडू, का हात धुवू! तेवढ्यात तो आत आला. कोट काढला. तिच्या जवळ आला, तिचे रडून सुजलेले डोळे बघितले, आणि वाकून तिच्या डोक्यावर ओठ टेकले.

"आईची आठवण आली का?" म्हणाला. "चहा टाक. मीपण घेतो."

एवढंच. वासाबद्दल एक शब्द नाही. इशबेलला वाटलं, अरे देवा, हा किती चांगला आहे! मी याला किती वाईट समजत होते! नाक फाटत असेल बिचाऱ्याचं, पण माझ्यासाठी गप्प बसला. त्या दिवशी तिने मनातल्या मनात नवऱ्याची माफी मागितली. खरंच मागितली. हे आठवलं की पुढे तिला ओकारी यायची.

कारण चार दिवसांनी ती बाजारातून आली तर दारातच गॅसचा भपकारा. शेगडीची कळ उघडी होती, आच विझलेली. आणि शेगडीपासून दोन हातांवर नाक, लोगी कंपनीचं नाक, पेपरातलं नाक, आरामात टेबलावर बसून पेपर वाचत होतं.

तिने धावत कळ बंद केली, खिडकी उघडली.

"काय गं? थंडी येतेय."

"गॅस चालू होता."

मर्डोचा चेहरा अर्धा क्षण मेला. मग लगेच म्हणाला, "हो, तेच म्हणत होतो, कसला तरी वास येतोय."

दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या खुर्चीच्या पाठीला व्हिनेगर लावलं. तो टेकून बसला. तिसऱ्या दिवशी तिने खारवलेला मासा आणून ओट्याखाली ठेवला. तो तिथेच उभा राहून सफरचंद सोलत होता. मग तिने त्याच्या रुमालाला मुद्दाम रॉकेलचा हात लावला आणि त्याने त्या रुमालाने तोंड पुसलं.

आणि मग ती जिन्यावर बसली आणि मागे मागे जायला लागली. ते 'कसला तरी वास येतोय' कधी सुरू झालं? फ्लूनंतर. आधी तो नाव सांगायचा, सांगायचाच, ओली लोकर, जुनं लोणी, उंदीर. फ्लूनंतर नुसतं 'कसला तरी'. फ्लू जानेवारीत. आई आली ऑक्टोबरमध्ये.

तिने त्याला टेबलाशी गाठला. चहा होता समोर.

"मर्डो, तुझं नाक कधी गेलं?"

"काय बडबडतेस?"

"तुझ्या रुमालाला रॉकेल आहे."

त्याने रुमाल नाकाशी नेला. सवयीने! नेला आणि तसाच धरून बसला. मग म्हणाला, "फ्लूमध्ये. सकाळी उठलो आणि काहीच नव्हतं. कापूस घातल्यासारखं."

"आणि कंपनीत?"

"मी शेवटी बोलतो ना. माझ्या हाताखालचा पोरगा, स्ट्रूअन, आधी बोलतो. तो काय म्हणतो ते ऐकायचं, थोडं कमी-जास्त करायचं. चाळीस वर्षं काढलीत मी तिथे, कुठल्या भट्टीचा माल कसा असतो हे मला झोपेतही माहितीये. पोरगा हुशार आहे. मिश्रण त्यानेच केलं, धरून चाल."

"आणि माझी आई?"

त्याने रुमालाची घडी घातली.

"मर्डो. माझी आई पडवीत कोळशाजवळ बसली होती. तुला वास येत नव्हता."

"येत नव्हता."

"मग?"

"तू समजून घे ना जरा! ती घरात राहिली असती, आणि स्ट्रूअन आला असता, डॅलरिंपल आला असता. नाकाच्या घरात हा वास, आणि नाक मजेत जेवतंय? दोन दिवसांत कळलं असतं सगळ्यांना. माझं नाव गेलं असतं त्या बाटलीवरून." तो पुढे झुकला, तिचा हात धरला, त्याचे डोळे भरून आले होते, आणि गंमत बघा, खरंच भरून आले होते. "जूनपर्यंत, इशबेल. फक्त जूनपर्यंत गप्प रहा. एकदा ते लेबल लागू दे. मग मी कुणाला काही सांगितलं तरी चालेल. आयुष्यात दुसरं काय मागितलं मी तुझ्याकडे?"

इशबेलने त्याच्या हाताखालून हात काढून घेतला.

"बरं," ती म्हणाली. "मी एक शब्द बोलणार नाही."

आणि ती बोलली नाहीच.

जूनमध्ये लोगीच्या जुन्या दुकानावरच्या दिवाणखान्यात मोठा समारंभ होता. निमंत्रणावर छापलं होतं, पाहुण्यांनी कृपया अत्तर लावून येऊ नये. बॅगपाइप वाजत होते, जपानहून व्यापारी आले होते, पेपरवाले होते, मिसेस अफ्लेक होत्या. समोर टेबलावर ती बाटली, निळी-सोनेरी पेटी, आणि लेबलावर तिसरी सही, मर्डो कार्गिल. मर्डोने चौकटीचा किल्ट घातला होता, नवा कोट होता, आणि चेहरा असा की जणू कोळसेवाला बाप वरून बघतोय.

निघताना त्याने इशबेलला विचारलं होतं, "झालं का तुझं?"

"झालं," ती म्हणाली.

तिने आईची सगळी डबी संपवली होती. मानेला, मनगटांना, गुडघ्यांना, कानांमागे, बायका अत्तर लावतात तिथे तिथे. पुरेना म्हणून औषधवाल्याकडून आणखी एक नवी आणून तीही कोपरांपर्यंत चोळली होती. मर्डो तिच्या हातात हात घालून अख्खा रस्ता चालत आला, ओळखीच्यांना मान डोलवत. लोक थबकत होते, त्याला वाटत होतं मान देतायत.

ती दिवाणखान्यात शिरली आणि पाइपवाल्याचा सूर चुकला. खरंच चुकला. डॅलरिंपलनी रुमाल काढला. जपानी पाहुण्याला शिंक आली. सगळ्यांनी आधी इशबेलकडे बघितलं आणि मग सगळ्यांनी मर्डोकडे. आता स्फोट होणार! बायकोला हाकलणार! अख्ख्या स्कॉटलंडमधलं सगळ्यात तिखट नाक, आणि बायको अशी घोड्याच्या तबेल्यातून मालिश करून आल्यासारखी!

मर्डोने तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाला, "बस गं. छान दिसतेस."

स्ट्रूअन पलीकडच्या खुर्चीत होता. तिशीतला, लाल केसांचा, मूळचा मेंढपाळाच्या घरचा. चार वर्षं मर्डो त्याला सगळ्यांसमोर 'मेंढीचं नाक' म्हणायचा आणि फ्लूनंतर त्याचीच वाक्यं जरा फिरवून बोलायचा. स्ट्रूअनने इशबेलकडे बघितलं. इशबेलने त्याच्याकडे बघितलं, डोळे न हलवता. दोघांत एक शब्दही झाला नाही. पण तो हळूहळू हसायला लागला, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

डॅलरिंपलनी भाषण केलं, पीटर वाणी, परंपरा, दीडशे वर्षं वगैरे. मग दोन ग्लास आले. रीतीप्रमाणे आधी धाकटा.

स्ट्रूअनने झाकण काढलं. नाक घातलं. डोळे मिटले. म्हणाला, "मध. भाजलेलं सफरचंद. जरासा धूर." थांबला. दीर्घ श्वास घेतला, ग्लासावरून नाही, खोलीतून. "आणि त्याच्या वर, सगळ्यांच्या वर, गंधपुरा. स्वच्छ, थंड, खणखणीत गंधपुरा. माझ्या नाकात तर दुसरं काही शिरतच नाहीये."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. कारण गंधपुरा सगळ्यांना येत होता. ग्लासातून नाही, मर्डोच्या शेजारच्या खुर्चीतून.

मर्डोने ग्लास उचलला. झाकण काढलं. नाक घातलं. चेहरा अगदी देवळात बसल्यासारखा. इशबेल त्याच्याकडे बघत होती. एका क्षणाला तिला वाटलं की त्याचा हात धरावा. एकच क्षण. तो गेला.

"मुलाने बरोबर पकडलं," मर्डो म्हणाला, मोठ्या, भरदार आवाजात. "मध आणि धूर तर कुणालाही कळेल. पण गंधपुरा! मित्रांनो, तोच या बाटलीचा जीव आहे. पीटर लोगींच्या मूळ मिश्रणात तो होता, पुढे हरवला. मी तो परत आणला. वर्षभर मी त्याच्याच मागे होतो. माझ्या घरातही मी तेवढ्यासाठी दुसरा कुठला वास येऊ दिला नाही."

पहिलं हसू मिसेस अफ्लेकचं फुटलं. त्यांनी हातमोजा तोंडावर दाबला, पण ते बाजूने निघालंच. "अहो कार्गिल," त्या म्हणाल्या, "ते परत आणलेलं तुमच्या शेजारी बसलंय!"

मग सगळेच. पेपरवाले, व्यापारी, वाढपी, आणि ज्याला इंग्रजी येत नव्हतं त्या जपानी पाहुण्यालासुद्धा कुणीतरी समजावून सांगितलं आणि मग तोही. मर्डो आधी त्यांच्याबरोबर हसला. त्याला वाटलं, काहीतरी विनोद झाला असेल. तो हसत हसत इशबेलकडे वळला, काय झालं विचारायला, आणि तिचे चोळून चोळून लाल झालेले, तेलकट चकाकणारे हात त्याला दिसले. डोळे होते ना त्याला. डोळ्यांनी कळलं.

"तू," तो म्हणाला.

"मी एक शब्द बोलले नाही," इशबेल म्हणाली.

माणसं उठून जाईपर्यंत तो तिथेच बसून होता, ग्लास हातात धरून. नाक कापलं गेल्यावर माणूस कसा दिसतो ते त्या दिवशी पर्थने बघितलं आणि पोटभर बघितलं.

आता तुम्हाला वाटेल, कंपनीने त्याला हाकललं असेल. छे! डॅलरिंपल व्यापारी माणूस. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "तुझं नाव छापून झालंय. आता काय हजारो लेबलं ब्लेडने खरवडत बसू? पेपरवाल्यांना मी सांगितलंय, ठरवून केलेली गंमत होती. उद्यापासून तू खाली दुकानात बसायचं. गिऱ्हाईक आलं की सही करायची, आणि वास कसा आहे ते सांगायचं. माल संपेपर्यंत. वास घ्यायच्या खोलीत पाऊल टाकलंस तर बघ."

"मिश्रण तर मी केलंय साहेब," स्ट्रूअन म्हणाला. त्याला वाटलं होतं आपली पाळी आली.

"हो ना, छान केलंस," डॅलरिंपल म्हणाले. "पुढची बाटली पन्नास वर्षांनी निघेल. तेव्हा बघू."

इशबेल त्याच आठवड्यात डंडीला चुलत बहिणीकडे निघून गेली. जाताना तिने भांडण केलं नाही. मर्डो दारात म्हणाला, "गॅस कोण बघेल?" ती म्हणाली, "थंड जेव."

ऑगस्टमध्ये ती एकदा पर्थला आली, घरातले राहिलेले कपडे न्यायला. बसला वेळ होता म्हणून हाय स्ट्रीटने चालली होती, तर लोगीच्या दुकानाबाहेर रांग. आत काचेच्या कपाटाखाली टेबल टाकून मर्डो बसला होता. त्याच किल्टमध्ये. मागे पाटी, 'लोगीचं नाक'. कोट सैल झाला होता, गालाची हाडं वर आली होती. दुकानातल्या पोरांनी त्याच्या टेबलावर रोज एक गंधपुऱ्याची डहाळी खोचायची पद्धत पाडली होती. पाहुण्यांना ते शोभेचं वाटायचं.

इशबेल रांगेत उभी राहिली. तिने काउंटरवर पैसे मोजले, एक बाटली घेतली आणि आपली पाळी आल्यावर त्याच्यासमोर ठेवली.

मर्डोने मान वर न करता पेन उचललं. "कुणाच्या नावाने लिहू?"

"जेसी बुकन," ती म्हणाली.

पेन थांबलं. त्याने वर बघितलं. केवढा वेळ बघत होता! मागून कुणीतरी अमेरिकन बाई म्हणाली, "लवकर करा ना, आमची बस आहे." काउंटरवरची मुलगी ओरडली, "मर्डो, रांग!"

"इशबेल," तो अगदी हळू म्हणाला, "घरी ये. तू म्हणशील तसं. वाटेल ते शिजव."

"जेसी बुकन," इशबेल म्हणाली. "आणि खाली तुझी सही. ती नको का? तेवढ्यासाठीच तर सगळं."

त्याने लिहिलं. अक्षरं वाकडी होऊन बाटलीवरून घसरत होती. मग सही केली. ती मात्र नीट आली, हजारदा केलेली होती ना. इशबेलने शाई वाळू दिली, बाटली पिशवीत घातली आणि वळली.

ती दारापर्यंत पोचली तोवर अमेरिकन बाई टेबलाशी आली होती. "खरंच का हो तुम्ही नाक?" बाई हसत विचारत होती. "सांगा ना, कसा येतो वास?"

इशबेल दाराच्या मुठीवर हात ठेवून थांबली.

"मध," मर्डो म्हणाला. "भाजलेलं सफरचंद. जरासा धूर."

"आणि?" बाई म्हणाली. "अजून सांगा!"

"आणि गंधपुरा," मर्डो म्हणाला.

"हो हो!" बाई टाळी वाजवून म्हणाली. "येतोय! मला येतोय!"